मांडवासाठी बुजवलेला चर

डिसेंबरात वसईतल्या आमच्या गास गावात छत्री शोधावी लागते. ऑक्टोबरात ती कुठे ठेवली, हे घरात कुणालाच आठवत नसतं. २०१७ च्या ४ डिसेंबरला, सोमवारी दुपारी, मी पोटमाळ्यावर छत्र्या शोधत होते आणि खाली अंगणात मांडवाचे वासे भिजत होते. मुलीची हळद आठवड्यावर आली होती. ओखी नावाचं चक्रीवादळ कन्याकुमारी, लक्षद्वीप करत अरबी समुद्रातून वर गुजरातकडे सरकतंय, हे टीव्हीवर सारखं सांगत होते. आम्ही ते ऐकत होतो आणि पत्रिकांवर नावं घालत होतो. वादळ तिकडचं, लग्न इकडचं, अशी आमची समजूत.

आता माझ्या चुकीकडे येते. घराच्या पूर्वेला कुंपणालगत एक चर आहे. हातभर रुंद, गुडघाभर खोल. वाडीतलं आणि अंगणातलं पाणी त्यातून मागच्या शेतात जातं आणि तिथून ओहोळाने खाडीकडे. पावसाळ्यात त्याच्यावर सगळ्यांचं लक्ष असतं. दसरा उलटला की त्यात केळीची सोपटं, नारळाच्या झावळ्या, शेजारच्यांचा प्लास्टिकचा मग, असं काहीबाही साठत जातं. मांडववाल्याचा टेंपो आत यायला हा चर आडवा येत होता. मी दोन ट्रॅक्टर डेब्रिज मागवलं आणि दहा-बारा फूट चर बुजवून टाकला. लग्न झालं की उपसून काढू, असं ठरवलं. ठरवलं म्हणजे मीच ठरवलं. हे म्हणाले होते, "अगं, खाली पाइप तरी टाक." पाइपचे सहाशे रुपये मी वाचवले.

त्या आठवड्यात घरात रोज पंचांग उघडलं जात होतं, पण फक्त मुहूर्तासाठी. रविवारी दत्तजयंती झाली होती, म्हणजे पौर्णिमा. खाडीकाठच्या माणसाला एवढं पुरेसं असायला हवं. आमच्याकडे जुनी माणसं भरतीची वेळ तोंडी काढतात. तिथीला पाऊणने गुणायचं, येईल तितक्या वाजता पूर्ण भरती. प्रतिपदेला पाऊण, म्हणजे दुपारी पाऊण आणि तसंच रात्री पाऊणच्या पुढेमागे. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण, त्यामुळे पाणी जास्त चढणार. भरती चढलेली असताना खाडी वरचं पाणी घेत नाही. तेवढ्या दोन-तीन तासांत पाऊस झाला, तर तो जिथे पडला तिथेच थांबतो. हे गणित मला लहानपणापासून येतं. त्या दिवशी मी ते केलं नाही, कारण डिसेंबर होता.

रात्री एकच्या सुमाराला जाग आली ती भांड्यांच्या आवाजाने. आचाऱ्याची पातेली आदल्या दिवशीच पडवीत आणून ठेवली होती. ती तरंगून एकमेकांवर आपटत होती. आधी वाटलं, मांजर असेल. उठून उंबऱ्यापर्यंत आले तर पावलं बुडाली. दुसरी चूक मी इथे केली. अनवाणी, पाण्यातून, तशीच स्वयंपाकघरात गेले आणि फ्रिजचा प्लग काढायला हात घातला. कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या. निभावलं, एवढंच म्हणते. त्या वेळी मेन स्विच पडवीत, पाण्यापलीकडे होता. घरातल्या किती जणांना अंधारात तो सापडला असता, हे मी नंतर विचारलं. एकालाही नाही.

पाणी पोटरीच्या वर गेलं नाही. बातमीत येण्यासारखं काही नव्हतं. पण मुलीच्या साड्या, रुखवताचं सामान आणि माझ्या आईने विणलेली दोन पांघरुणं दिवाणाच्या पोटात होती. दिवाणाचा तळ जमिनीपासून चार बोटं. नव्या भाताचे तांदूळ काढून आणलेली दोन पोती भिंतीला टेकवून ठेवलेली. जुलै असता तर ती फळ्यांवर असती, साड्या कपाटाच्या वरच्या खणात असत्या आणि मी झोपले नसते. पावसाळ्यात आम्ही पाण्याच्या भीतीने घर लावतो आणि थंडीत सोयीने. त्या रात्री पाणी सोयीने लावलेल्या घरात शिरलं.

सकाळी पालघर जिल्ह्यातल्या शाळांना सुटी जाहीर झालेली होती. ह्यांनी आणि दिराने पहार घेऊन डेब्रिज फोडलं. अर्ध्या तासात अंगण रिकामं झालं. हे मला सगळ्यात जास्त लागलं. खाडी आमच्या घरात आलीच नव्हती. आमच्याच छपराचं, आमच्याच वाडीचं पाणी होतं ते, वाट नव्हती म्हणून घरात आलं. ओखी तर त्या दिवशी रात्री सुरतेकडे पोहोचेपर्यंत विरून गेलं.

तेव्हापासून मला विचारणाऱ्याला मी पहिली गोष्ट विजेची सांगते. पाणी उंबऱ्याला लागायच्या आधी मेन बंद करायचा. आत शिरल्यावर कोरडी वाट नसेल तर त्याच्याकडे जायचंच नाही, सगळ्यांनी उंचावर जायचं आणि वीज बाहेरून बंद करून घ्यायची. आम्ही मेन स्विच छातीच्या उंचीवर घेतला, खालची सॉकेट्स कमरेवर चढवली आणि तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घेतला. आमचा वायरमन त्याला अजून ईएलसीबीच म्हणतो. त्याच्यावर एक चाचणीचं बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबून बघायचं. दाबल्यावर वीज गेली नाही, तर तो डबा नुसता शोभेचा. इन्व्हर्टरची बॅटरी जमिनीवर असेल तर मेन बंद करूनही धोका उरतो, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. तिला स्टँड हवा. पाणी ओसरल्यावर भिजलेला फ्रिज, मोटार, मिक्सर लावून बघायची घाई नको, आधी वायरमनने बघायचं. स्कूटरचंही तेच. इंजिनात पाणी गेलेलं असताना किक मारली की किरकोळ दुरुस्तीचं मोठं काम होतं.

दुसरी गोष्ट विहिरीची. आमची विहीर कठड्याची आहे, तरी त्या रात्री अंगणातलं पाणी फटीतून झिरपलं. अंगणातलं म्हणजे शौचखड्ड्यावरून आलेलंही. दिसायला पाणी स्वच्छ होतं आणि लग्नघरात पन्नास माणसं येणार होती. आरोग्य केंद्रातल्या कर्मचाऱ्याने येऊन हिशेब शिकवला, तो असा. विहिरीचा व्यास आणि पाण्याची खोली मीटरमध्ये घ्यायची. व्यास गुणिले व्यास गुणिले खोली, गुणिले ३.१४, भागिले ४. येतील तितके घनमीटर, म्हणजे तितके हजार लिटर. हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगली ब्लीचिंग पावडर. तीन मीटर व्यास आणि चार मीटर पाणी असेल, तर सुमारे अठ्ठावीस हजार लिटर, म्हणजे सत्तर ग्रॅम. पावडर बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा आणि वरचं पाणीच पोहऱ्याने विहिरीत खोलवर सोडून ढवळायचं. तासभर तरी उपसा बंद. पुराचं गढूळ पाणी गेलेलं असेल तर आधी पंपाने विहीर उपसून काढायची आणि पावडर जास्त लागते. किती ते हॉरॉक्स चाचणी करून ठरवतात, अंदाजाने नाही. उघडी पडून वास गेलेली पावडर टाकणं म्हणजे विहिरीत खडू टाकणं. तोवर पिण्याचं पाणी खळखळ उकळूनच.

पाण्यातून चालल्यावर पायाला जखम असेल तर लेप्टोची भीती असते. उंदराच्या मुतातून तो पसरतो आणि त्याला महिना कळत नाही. डॉक्टरांना "साचलेल्या पाण्यातून चाललोय" असं आपणहून सांगायचं, तीन दिवसांच्या आत. त्यांना वाटलं तर ते डॉक्सिसायक्लिन देतात. आपल्या मनाने घेऊ नये, गरोदर बाईने आणि लहान मुलांनी तर नाहीच. डिसेंबरात ताप आला की आपण थंडीचा म्हणून काढा पितो, म्हणून हे मुद्दाम सांगतेय.

साफसफाईच्या आधी फोटो काढा. मी फडकं आधी हातात घेतलं आणि फोन नंतर. तलाठी पंचनाम्याला येतील तेव्हा पुसून लख्ख केलेली फरशी काय दाखवणार? भिंतीवरची पाण्याची रेघ, पोती, दिवाण, सगळं तारखेसह. पाणी वाढतंय असं वाटलं तर ११२, रुग्णवाहिकेला १०८ आणि जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाला १०७७. हे आकडे आमच्याकडे मेनच्या डब्यावरच रंगवलेत.

हे सगळं उपयोगी पडायला सात महिनेच लागले. २०१८ च्या जुलैत वसई-विरार बुडालं, तेव्हाची गोष्ट निराळीच होती. नालासोपाऱ्यात रुळांवर पाणी, लोकल बंद, मिठागरांतली माणसं अडकलेली, वीज दिवसचे दिवस गेलेली. सनसिटीकडून गासला येणारा रस्ता पाण्याखाली जातो हे वसईकराला सांगायला नको, तेव्हा तर तो दिसतच नव्हता. आमच्या घरातही पाणी आलं आणि आमचा चर त्यापुढे काय करणार होता? पण दिवाण रिकामा होता, तांदूळ माळ्यावर होते आणि मेन आठ मिनिटांत बंद झाला होता. त्या पुरानंतर आयआयटी मुंबई आणि नीरीच्या तज्ज्ञांची समिती नेमली गेली आणि धारण तलावांची चर्चा सुरू झाली. वाचताना मला हसू आलं. पावसाचं पाणी धरून ठेवणारी बावखलं आमच्या गावागावांत होती. कुणी घरासाठी बुजवली, कुणी पार्किंगसाठी. मी हसले, पण फार वेळ नाही. दोन ट्रॅक्टर डेब्रिज माझ्याही नावावर आहे.

आणि थंडीतला पाऊस काही एकदाच येऊन गेला नाही. २०२१ च्या १ डिसेंबरला पुन्हा दिवसभर धो-धो लागला. किनाऱ्यावर वाळत घातलेली मासळी भिजली, आमच्या वाडीतला मोगरा सडला आणि वर घाटावर, पुणे-नगरकडे, मेंढ्या गारठून मेल्या. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाडा-विदर्भात गारांनी उभा गहू झोपवला होता, ते आठवत असेल. उत्तर भारतावरून जाणारा पश्चिमी झंझावात आणि समुद्रावरचा ओलावा जुळून आला की थंडीतही पाऊस पडतो.

थंडीच्या पाण्याचं एक बरं असतं, तेही सांगते. दुसऱ्या दिवशी ऊन येतं. जुलैत महिनाभर कुबट राहणारी गादी डिसेंबरात दोन दिवसांत वाळली. भिजलेले तांदूळ मात्र वाळवून उपयोग नसतो. गढूळ पाण्यात बुडालेलं धान्य माणसाला घालू नये. दोन पोती फेकताना सासूबाईंनी तोंड फिरवलं होतं.

आता माघात, रथसप्तमीच्या आसपास, मी चर उपसून घेते. मे महिन्यात मजूर मिळत नाहीत आणि मिळाले तर दर दुप्पट सांगतात; माघात दोन माणसं दीड दिवसात करतात. त्याच दिवशी पन्हाळीतली आंब्याची पानं काढायची, फुटलेली कौलं बदलायची, मुलांना मेन बंद करायला लावायचा, तोही डोळे मिटून. शेजारणी हसतात.

यंदा मुलाचा साखरपुडा होता, फेब्रुवारीत. मांडववाला तोच. टेंपो घेऊन आला आणि चरापाशी थांबला. मी आधीच सुताराकडून सागाच्या दोन जाड फळ्या करून घेतल्या होत्या, खालून पाणी मोकळं राहील अशा. त्याने एक चाक चढवून बघितलं, उतरवलं, खाली वाकून बघितलं. म्हणाला, "ताई, फळी हलते. एक ट्रॅक्टर भराव टाकला असता तर..."

म्हटलं, "हलू दे. सामान हातावर आण. चहा मी ठेवते."