महागाई 'उणे' झाली, तरी लागवडीचा खर्च का उतरत नाही?
(घाऊक किंमत निर्देशांक आणि सोयाबीन उत्पादकाचा हिशोब)



२०२३ च्या खरिपात रिसोड तालुक्यातील एका गावी शिवारफेरीच्या वेळी एका शेतकऱ्याने प्रश्न केला, "सर, घाऊक महागाई शून्याच्या खाली गेली असं पेपरात आलं. मग निंदणाची मजुरी का उतरेना? थ्रेशरवाला भाडं का कमी करेना?" प्रश्न अगदी रास्त होता. त्या वर्षी एप्रिल ते ऑक्टोबर या काळात देशाचा घाऊक महागाई दर खरोखरच उणे होता. शेतकऱ्याचा खर्च मात्र वाढतच होता. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असू शकतात, हे समजून घेणे शेतीच्या हिशोबासाठी गरजेचे आहे.

निर्देशांक म्हणजे काय?

एखादे वर्ष आधारवर्ष धरून त्या वर्षीच्या किमतींना १०० मानतात. पुढील काळातील किमती त्याच्या तुलनेत किती झाल्या, हे सांगणारा आकडा म्हणजे निर्देशांक. आपल्या देशात घाऊक किंमत निर्देशांक केंद्रीय वाणिज्य व उद्योग मंत्रालयाच्या आर्थिक सल्लागार कार्यालयातर्फे प्रसिद्ध होतो. मे २०१७ मध्ये आलेल्या मालिकेत २०११-१२ हे आधारवर्ष आणि ६९७ वस्तू घेण्यात आल्या. युरोपातील देशांत याच कामासाठी उत्पादक किंमत निर्देशांक वापरतात. माल कारखान्याच्या किंवा उत्पादकाच्या दारातून निघताना त्याला काय भाव मिळाला, हे तो मोजतो. भारतातही असा निर्देशांक सुरू करण्याचा मार्ग सुचवण्यासाठी जानेवारी २०२५ मध्ये कार्यगट नेमण्यात आला.

पहिली गफलत : दर उतरणे म्हणजे भाव उतरणे नव्हे

याचे ठळक उदाहरण जर्मनीचे आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनचे युद्ध सुरू झाले आणि युरोपात नैसर्गिक वायू व वीज कमालीची महागली. सप्टेंबर २०२२ मध्ये जर्मनीतील उत्पादक किमती आदल्या वर्षापेक्षा ४५.८ टक्क्यांनी जास्त होत्या. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर २०२३ मध्ये, हा दर उणे १४.७ टक्के झाला. आता हिशोब करून पाहा. सप्टेंबर २०२१ मध्ये १०० रुपयांना असलेला माल वर्षभराने सुमारे १४६ रुपयांना झाला. त्यात १४.७ टक्के घट होऊन तो सुमारे १२४ रुपयांवर आला. म्हणजे दर 'उणे' असूनही दोन वर्षांपूर्वीपेक्षा माल २४ टक्क्यांनी महागच राहिला.

आपल्याकडेही असेच घडले. घाऊक महागाईचा सरासरी दर २०२१-२२ मध्ये १३ टक्के, २०२२-२३ मध्ये ९.४ टक्के आणि २०२३-२४ मध्ये उणे ०.७ टक्के होता. २०२०-२१ ला १०० धरले, तर तीन वर्षांत आकडे अनुक्रमे ११३, १२४ आणि १२३ असे होतात. चढलेला भाव जवळपास तिथेच थांबला, एवढाच त्या 'उणे'चा अर्थ.

युरोपातील वायूशी आपल्या शिवाराचाही संबंध आहे. नत्रयुक्त खतांचा मुख्य कच्चा माल नैसर्गिक वायू हाच आहे. वायू महागल्यावर युरोपातील खत कारखान्यांनी उत्पादन घटवले आणि जगभर खतांचे भाव चढले. आपल्याकडे युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांवरच राहिली, कारण वाढीव बोजा केंद्राच्या अनुदानाने उचलला.

दुसरी गफलत : आपला खर्च त्या निर्देशांकात आहे का?

२०११-१२ च्या मालिकेत कारखानी मालाला ६४.२३ टक्के, प्राथमिक वस्तूंना २२.६२ टक्के आणि इंधन व वीज यांना १३.१५ टक्के भार आहे. या सर्व वस्तू आहेत. निंदणाची मजुरी, सोंगणीचा गुत्ता, ट्रॅक्टर व थ्रेशरचे भाडे यांपैकी काहीच त्यात मोजले जात नाही. सोयाबीनच्या खर्चातील मोठा वाटा तर याच बाबींचा असतो. त्या शेतकऱ्याच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथेच आहे.

उरलेले अर्धे उत्तर प्राथमिक वस्तूंच्या गटात आहे. या गटात तेलबियाही येतात, म्हणजे आपले सोयाबीनही. सोयाबीनचा भाव पडला की निर्देशांक खाली ओढला जातो. बातमीत जिला महागाईतील घट म्हणतात, तिचा काही भाग आपल्या उत्पन्नातील घट असतो.

खर्च किती किलो सोयाबीनचा?

यासाठी एक सोपे माप वापरावे. घ्यावयाची वस्तू किती किलो सोयाबीन विकून येते, ते काढावे. डीएपीची ५० किलोची गोणी पाहू.

१) २०२०-२१ : गोणी १२०० रुपये, सोयाबीनचा हमीभाव ३८८० रुपये क्विंटल. गोणीसाठी ३१ किलो सोयाबीन.
२) २०२५-२६ : गोणी १३५० रुपये, हमीभाव ५३२८ रुपये. गोणीसाठी २५ किलो सोयाबीन.
३) २०२५-२६, परंतु माल बाजारात ४२०० रुपयांनी विकला असे धरल्यास : गोणीसाठी ३२ किलो सोयाबीन.

हमीभाव मिळाला तर खत पूर्वीपेक्षा स्वस्त पडते, न मिळाला तर महाग पडते. गोणीची किंमत दोन्ही वेळा तीच आहे. २०२४ च्या हंगामात हमीभाव ४८९२ रुपये असताना बाजारातील भाव बराच काळ त्याखाली राहिले, हे आपण सर्वांनी अनुभवले आहेच.

आपल्या शेताचा निर्देशांक असा काढावा

वहीत एक एकराचा पाच वर्षांपूर्वीचा खर्च लिहावा. पुढील आकडे केवळ नमुन्यादाखल आहेत. आपापल्या गावचे दर घालावेत.

समजा, त्या वर्षी एकूण खर्च २०,००० रुपये झाला. त्यात बियाणे ३००० (१५ टक्के), खते ३००० (१५ टक्के), फवारणीची औषधे ३००० (१५ टक्के), मजुरी ६००० (३० टक्के) आणि मशागत, पेरणी व मळणीचे भाडे ५००० (२५ टक्के). तेव्हाचे दर १०० धरल्यास आज बियाणे १२०, खते ११२, औषधे १२०, मजुरी १५० आणि भाडे १४० वर गेले. प्रत्येक आकड्याला त्याच्या टक्केवारीने गुणून १०० ने भागावे आणि आलेल्या संख्यांची बेरीज करावी :

१८ + १६.८ + १८ + ४५ + ३५ = १३२.८, म्हणजे सुमारे १३३.

आता विक्रीचा निर्देशांक काढावा. तेव्हा ३८८० रुपये भाव मिळाला आणि आज ४२०० मिळाला, तर तो १०८ होतो. १०८ ला १३३ ने भागून १०० ने गुणल्यास ८१ येतात. एक क्विंटल सोयाबीनमधून पूर्वी जेवढा खर्च भागत असे, त्याच्या ८१ टक्केच आता भागतो. हाच माल ५३२८ रुपयांनी गेला, तर विक्रीचा निर्देशांक १३७ आणि भागाकार १०३ येतो. १०० च्या वर आकडा आला तर आपण सावरलो, खाली आला तर घसरलो, असे समजावे. एकरी उत्पादन बदलले असल्यास त्याचाही विचार करावा.

या हिशोबावरून काय करावे?

१) ज्या बाबीचा भार मोठा, तेथे आधी लक्ष द्यावे. वरील नमुन्यात मजुरी व भाडे मिळून खर्चाचा ५५ टक्के वाटा आहे. सोंगणी, मळणी व ट्रॅक्टरचे काम चार-पाच जणांनी मिळून ठरविल्यास दर ठरविताना आपली बाजू बळकट राहते.

२) सोयाबीन स्वपरागसिंचित असल्याने सरळ वाणाचे घरचे बियाणे वापरता येते. पेरणीपूर्वी ओल्या गोणपाटात १०० दाणे ठेवून उगवण तपासावी. ७० टक्के उगवण असल्यास एकरी ३० किलो बियाणे पुरते. त्यापेक्षा कमी असल्यास त्या प्रमाणात बियाणे वाढवावे.

३) हमीभावाच्या खरेदीसाठी नोंदणी सुरू होताच नाव नोंदवावे. सुडी पावसात भिजू देऊ नये. माल वाळवून व चाळून ओलावा १२ टक्क्यांपर्यंत आणावा. ओलसर माल नाकारला जातो किंवा त्याचा भाव पाडला जातो.

४) दसरा-दिवाळीच्या गरजेपोटी सर्व माल एकदम विकू नये. बाजार समितीमार्फत राबविल्या जाणाऱ्या शेतमाल तारण योजनेत माल गोदामात ठेवून किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज मिळू शकते. मात्र थांबल्याने भाव वाढेलच, अशी हमी नाही. जुलै-ऑगस्ट २०२१ मध्ये सोयाबीन दहा हजारांच्या आसपास गेले आणि नवा माल येईपर्यंत निम्म्यावर आले. म्हणून दोन-तीन टप्प्यांत विक्री करावी.

५) खाद्यतेलाच्या आयात शुल्काच्या बातम्यांकडे लक्ष ठेवावे. कच्च्या सोयातेलावरील मूळ शुल्क सप्टेंबर २०२४ मध्ये २० टक्के करण्यात आले आणि मे २०२५ अखेर ते १० टक्क्यांवर आणले गेले. अशा निर्णयांचा आपल्या भावावर परिणाम होतो.

रिसोडच्या त्या शेतकऱ्याला शेतातच, मजुरीच्या चिठ्ठीच्या पाठीमागे, हा हिशोब मांडून दाखविला होता. त्यांचा आकडा १०० च्या खाली आला. चिठ्ठी पाहून ते म्हणाले, "म्हणजे माझं काही चुकत नव्हतं." या हंगामात बियाण्याच्या पहिल्या पिशवीपासून शेवटच्या कट्ट्याच्या विक्रीपर्यंत प्रत्येक पावती जपून ठेवावी आणि पाडव्याच्या सुमारास आपला आकडा काढावा. गावातील दहा जणांनी तो काढला, तर पुढील हंगामातील दर ठरविताना आणि हमीभावाविषयी आपले म्हणणे मांडताना आपल्या हाती लेखी हिशोब असेल.