फोटोशॉपचे पॅनेल आपल्या दुकानाच्या हिशोबाने लावा

फोटो-फॉर्मचं दुकान टाकायचं म्हटलं की बहुतेक जण आधी विचारतात, प्रिंटर कोणता घेऊ? प्रिंटर चांगला हवाच. पण गिऱ्हाईक समोर उभं असताना वेळ जातो तो लेयर पॅनेल कुठे गेलं ते शोधण्यात.

आपल्या घोडेगावात तहसील कचेरी आहे, आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय आहे. जून-जुलैत दाखले, शिष्यवृत्ती, वसतिगृहाचे फॉर्म असं सगळं एकदमच येतं. आहुपे, तळेघर बाजूने आलेल्या पोराला कामं उरकून परतीची एसटी गाठायची असते. तुमच्याकडे उशीर झाला, तर पुढच्या खेपेला तो शेजारच्या दुकानात जाणार. त्यामुळे हा धडा साधा वाटला तरी तो थेट गल्ल्याशी जोडलेला आहे.

आधी पॅनेल हलवायचं कसं ते बघू. पॅनेलच्या नावावर, म्हणजे टॅबवर माऊस दाबून ओढलं की ते एकटं बाहेर येतं. टॅबच्या शेजारची रिकामी पट्टी धरून ओढलं तर अख्खा गट येतो. नवीन पोरांचा घोळ इथेच होतो. ओढताना निळा रंग दिसतो, त्याच्याकडे नीट बघा. एखाद्या गटाभोवती निळी चौकट आली आणि माऊस सोडला, तर पॅनेल त्या गटात टॅब म्हणून बसतं. दोन पॅनेलच्या मध्ये निळी रेघ आली, तर तिथे वर-खाली बसतं. कडेला उभी निळी रेघ आली, तर नवीन रकाना तयार होतो. कुठेच चिकटू द्यायचं नसेल तर ओढताना कंट्रोल दाबून ठेवा. निळं दिसायच्या आत माऊस सोडू नका, नाहीतर पॅनेल फोटोवरच तरंगत राहतं.

आता कोणती पॅनेल ठेवायची? सुरुवातीला एसेन्शियल्स नावाची जी मांडणी मिळते, ती सगळ्यांसाठी बनवलेली आहे, तुमच्या दुकानासाठी नाही. पासपोर्ट फोटोच्या कामाला मला लेयर्स, हिस्टरी आणि ॲक्शन्स ही तीनच पुरतात. कलर, स्वॉचेस, लायब्ररीज यांच्या टॅबवर राईट क्लिक करून क्लोज करा. छोट्या लॅपटॉपच्या १३६६ बाय ७६८ स्क्रीनवर ही गर्दी काढली की फोटो लगेच मोठा दिसतो. बंद केलेलं पॅनेल हरवत नाही, विंडो मेनूत सगळ्यांची नावं असतात. लेयर्ससाठी तर नुसतं एफ ७ दाबा.

ॲक्शन्स पॅनेलला सगळ्यात वर जागा द्या. ३५ बाय ४५ मिलिमीटरचे ८ फोटो ४ बाय ६ इंचाच्या कागदावर बसतात. ही मांडणी एकदा ॲक्शनमध्ये रेकॉर्ड करा. मग पॅनेलच्या कोपऱ्यातल्या मेनूतून बटन मोड निवडा. आता तुमची ॲक्शन मोठ्या बटनासारखी दिसेल, हाताखालच्या पोरालाही दाबता येईल. ॲक्शन बदलायची असेल तेव्हा मात्र बटन मोड काढावा लागतो.

लग्नसराईतल्या फ्लेक्सचं काम निराळं. तिथे कॅरेक्टर, पॅराग्राफ आणि स्वॉचेस समोर पाहिजेत. दोन कामांसाठी रोज पॅनेल इकडून तिकडे ओढत बसू नका. मांडणी मनासारखी झाली की विंडो, वर्कस्पेस, न्यू वर्कस्पेस असं जाऊन ‘पासपोर्ट’ नाव द्या. मग दुसरी लावा, ‘फ्लेक्स’ नाव द्या. पुढे नाव निवडलं की मांडणी बदलते.

कुणी पॅनेल विस्कटून ठेवली, तर त्याच मेनूत रिसेट आहे. रिसेट केलं की तुम्ही सेव्ह केलेली मांडणी परत येते. म्हणून नंतर काही सुधारणा केलीत तर त्याच नावाने पुन्हा सेव्ह करायला विसरू नका, नाहीतर रिसेटमध्ये तीही जाईल. एकाच कॉम्प्युटरवर दोघे-तिघे बसत असतील, तर नव्या आवृत्त्यांमध्ये लॉक वर्कस्पेस आहे, ते लावून टाका. चुकून धक्का लागून पॅनेल सुटत नाहीत.

आणि एक. फोन येतो, ‘सगळी पॅनेल गायब झाली, पुन्हा इन्स्टॉल करू का?’ अजिबात नको. टॅब बटन दाबलं गेलेलं असतं. परत एकदा दाबा, सगळं जागेवर येईल. शिफ्ट आणि टॅब एकत्र दाबलं तर डावीकडची टूल्सची पट्टी राहते आणि बाकीची पॅनेल लपतात. गिऱ्हाइकाला फोटो मोठा दाखवताना हेच वापरा.

फोटोशॉपचे पैसे दर महिन्याला किंवा वर्षाला भरावे लागतात. सुरुवातीला ते जड वाटत असतील तर जिम्प फुकट आहे. तिथेही टॅब धरून पॅनेल ओढता येतात. विंडोज मेनूत डॉकेबल डायलॉग्जमध्ये सगळी यादी आहे आणि चुकून बंद झालेलं डॉक त्याच मेनूतल्या रिसेंटली क्लोज्ड डॉक्समध्ये सापडतं. बटनाने लपवणं-दाखवणं तिथेही टॅबनेच होतं.

आज दुकान बंद करायच्या आधी ‘पासपोर्ट’ची मांडणी सेव्ह करा. ‘फ्लेक्स’ची उद्या केली तरी चालेल.