मोगऱ्याला बी का धरत नाही, आणि रोपे कोणत्या झाडाची घ्यावीत

मृगाच्या सरी सुरू झाल्या की सातारा-सांगलीकडे मोगरा लावायची लगबग सुरू होते आणि एक प्रश्न हमखास कानावर येतो: झाड फुलांनी लगडते, मग बी का धरत नाही? कोणी बोरॉनची कमतरता समजून फवारण्या घेतो, कोणी संजीवकांवर पैसे घालवतो. हा खर्च थांबवा. बी न धरणे हा मोगऱ्याचा रोग नाही, खताची उणीवही नाही.

एक फूल उभे चिरून बघा. एकेरी मोगऱ्याच्या नळीत आतल्या बाजूला चिकटलेले दोन बारीक परागकोश दिसतात. बटमोगऱ्याचे फूल चिरले तर पाकळ्यांच्या आत पुन्हा पाकळ्याच. पुंकेसरांच्याच बहुधा पाकळ्या झालेल्या असतात. एकेरी फुलातला परागही बरेचदा वांझ निघतो. मोगऱ्यात गुणसूत्रे साधारणपणे २६ असतात, पण लागवडीतल्या काही वाणांत ती ३९ आहेत, म्हणजे दोनऐवजी तीन संच. पराग आणि बीजांड तयार होताना तीन संचांची सारखी वाटणी होत नाही, म्हणून बी घडत नाही. आपण खातो त्या केळ्यात बी नसते, त्यामागेही मुख्यतः हेच कारण आहे.

त्यात मोगरा उमलतो तिन्हीसांजेनंतर, आणि बाजारासाठी आपण कळी सकाळीच तोडतो. परसातल्या झाडावर क्वचित एखादे काळे-जांभळे फळ दिसते, पण त्यातल्या बियांचे रोप आईसारखे निघेल याचा भरवसा नाही. त्यामुळे ‘मोगऱ्याचे बी’ म्हणून विकली जाणारी पाकिटे घेऊ नका.

यातली खरी महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. मोगरा फाट्यापासूनच वाढतो, म्हणजे तुमचे प्रत्येक रोप हे ज्या झाडाची फांदी कापली त्या झाडाची हुबेहूब नक्कल असते. कळीचा आकार आणि फुलांचा भर जसा येतो, तसा विषाणूही फांदीतूनच येतो. ज्या झाडाच्या पानांवर फिकट पिवळी वलये किंवा चट्टे आहेत, त्याची एकही काडी घेऊ नका, फुले कितीही टपोरी असोत. फुलांचा हंगाम संपण्याआधीच भरघोस आणि निरोगी झाडांना सुतळी बांधून खूण करून ठेवा.

खुणेच्या झाडावरून अर्धपक्व, तीन-चार डोळ्यांच्या, १५ ते २० सेंटिमीटर लांबीच्या काड्या घ्या. खालची पाने काढा आणि काड्या सावलीत, निचऱ्याच्या माध्यमात लावा. मोजकीच रोपे हवी असतील तर दाब कलम बरे. तयार रोपांसाठी खड्डा दीड फुटाचा घ्या, त्यात १० किलो कुजलेले शेणखत घाला आणि दोन झाडांत सुमारे दीड मीटर अंतर ठेवा.

जमिनीकडे मात्र डोळेझाक नको. पलूस, वाळवा, मिरज भागात नदीकाठी जिथे क्षारपड आहे, तिथे मोगरा पिवळा पडतो. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा दिसला तर ते लोह कमी पडल्याचे लक्षण. एका लिटर पाण्यात ५ ग्रॅम फेरस सल्फेट मिसळून फवारा. पण निचराच नसेल तर फवारणीने भागणार नाही, आधी चर काढा. जावळी-पाटणच्या पावसातही तेच. माण, खटाव, जत, आटपाडीत हलक्या जमिनीवर ठिबक असेल तर हे पीक चांगले जमते.

एखाद्या झाडावर एकच फांदी वेगळी फुलताना दिसली, कळी मोठी किंवा पाकळ्या जास्त, तर ती छाटून टाकू नका. बी न धरणाऱ्या पिकात नवे वाण बरेचदा अशाच फांदीतून मिळतात. तिची वेगळी कलमे करा आणि जवळच्या कृषी विज्ञान केंद्रातल्या तज्ज्ञांना जरूर दाखवा.