या समुद्रापासून त्या समुद्रापर्यंत

इंग्लंड देशात एक लांबच लांब पायवाट आहे. ती पश्चिमेला सेंट बीज गावी समुद्रावर सुरू होते आणि पूर्वेला रॉबिन हूड्स बे गावी दुसऱ्या समुद्रावर संपते. अंतर सुमारे ३०० किलोमीटर. आल्फ्रेड वेनराइट यांनी १९७३ साली तिचे पुस्तक काढले.

वाटेत उघडे माळ लागतात. तिथली माती काळी, ओली. तिला पीट म्हणतात. त्यात पाय रुततो. आपल्या बांधावर पण पाय पडून पडून गवत उगवत नाही. तिथे तर मातीच पावसात वाहून जाते. म्हणून एका डोंगरावर महिन्यांप्रमाणे वेगवेगळ्या वाटा ठरवल्या, जमिनीला विसावा मिळावा म्हणून.

निघताना लोक बूट समुद्रात बुडवतात व एक खडा खिशात घेतात. तो शेवटी दुसऱ्या समुद्रात टाकतात. मी विचारलं, मधेच हरवला तर? गुरुजी नुसते हसले.

— इयत्ता ४ थी