विज्ञानपेटी कपाटाबाहेर यावी

सावित्री व गांधारी या नद्यांच्या काठचे महाड आणि आंबेनळी घाटाच्या पायथ्याचे पोलादपूर या दोन्ही तालुक्यांत पावसाळ्याचे चार महिने हवा ओलीचिंब असते. अशा हवेत शाळेच्या कपाटातील विज्ञानपेटी फार काळ धड राहत नाही. लोखंडाचा कीस गंजून त्याचा गोळा होतो, विजेच्या घटातून रसायन झिरपते, भिंगावर बुरशी धरते. वास्तविक हेही विज्ञानच होय. परंतु ते पाहण्यासाठी पेटी उघडावी लागते.

१९८७ साली देशभर सुरू झालेल्या खडू-फळा योजनेत प्राथमिक शाळांना द्यावयाच्या किमान साधनांमध्ये विज्ञानपेटीचा समावेश होता. हेतू स्तुत्य होता. अडचण अशी की, वस्तू एकदा जडसंग्रह नोंदवहीत चढली म्हणजे ती सुरक्षित ठेवणे हे शिक्षकाचे उत्तरदायित्व ठरते, आणि ती मुलांच्या हाती न देणे हा त्याचा सर्वांत सोपा मार्ग असतो. परीक्षानळी फुटेल म्हणून प्रयोग फळ्यावर काढून दाखविला जातो.

यावरील उत्तर नवे नाही. मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली १६ शाळांतून सुरू झालेल्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमाने स्वस्त व परिसरात मिळणाऱ्या साहित्यावर भर दिला. पुण्यातील टेल्को कारखान्यातील अभियंता अरविंद गुप्ता १९७८ मध्ये रजा घेऊन तेथे गेले. आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांतून त्यांनी भूमितीचे आकार उभे केले. पुढे पुण्याच्या ‘आयुका’ या संस्थेतील मुलांच्या विज्ञान केंद्रात त्यांनी हेच काम अनेक वर्षे केले. अशी वस्तू मोडली तर दुसरी करता येते. मूल निर्धास्त होते, ते यामुळेच.

मग पेटीचे आधुनिकीकरण म्हणजे काय? बल्बऐवजी टिकाऊ एलईडी आणि मनू प्रकाश व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत घडविलेला कागदी घडीचा सूक्ष्मदर्शक यांचे स्वागतच आहे. तथापि महाड-पोलादपूरच्या पेटीत पहिले स्थान पर्जन्यमापकाला मिळावयास हवे.

त्यासाठी सरळ भिंतींची प्लॅस्टिकची बाटली पुरते. तिचा खांद्याखालून कापलेला वरचा भाग उलटा करून नरसाळ्यासारखा बसवावा. तळ सपाट नसतो, म्हणून खडे घालून त्यांच्यावर येईपर्यंत पाणी ओतावे आणि तेथे शून्याची खूण करावी. त्यावर मिलीमीटरची पट्टी चिकटविली की उपकरण सिद्ध झाले. मध्येच निमुळती झालेली बाटली चुकीचा आकडा दाखविते. तो का चुकतो, हे मुलांनीच शोधावे. महसुली व्यवहारात २४ तासांत ६५ मिलीमीटरहून अधिक पाऊस म्हणजे अतिवृष्टी. घाटाखालील शाळेत जुलैमधील एखाद्या दिवशी बाटली भरून वाहू लागेल, तेव्हा माप मध्येच घेऊन ती रिकामी करणे आणि दोन्ही आकड्यांची बेरीज करणे मुलांना आपोआप सुचेल.

खरी गंमत दोन शाळांच्या वह्या शेजारी ठेवल्यावर येते. महाड शहरात पाऊस उघडलेला असताना नदीचे पाणी का चढते? सावित्री महाबळेश्वरच्या डोंगरातून उतरते. वर पडलेले पाणी खाली पोहोचण्यास वेळ लागतो, आणि खाडीला भरती असेल तर निचराही मंदावतो. पोलादपूरचा पाऊस, महाडची पाणीपातळी आणि भरतीची वेळ असे तीन रकाने भरणाऱ्या मुलांना हा संबंध दिसू लागतो.

ही केवळ शालेय करमणूक नव्हे. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे दगावली. त्याच वेळी पोलादपूर तालुक्यातही दरडी कोसळल्या. पसरट ट्रेमध्ये मुरुमाचा उतार रचून त्यावर झारीने पाणी सोडले, तर माती कोरडी असताना धरून राहते आणि पाण्याने भरली की घसरते, हे पाहता येते. गवत लावलेला उतार वरवरची धूप थोपवितो. खोलवरून सुटणारी दरड मात्र गवताने अडत नाही, हेही सांगितले पाहिजे. बाटलीवरील आकडा धोक्याच्या सरकारी सूचनेची जागा घेऊ शकत नाही. पण सूचनेत ‘मिलीमीटर’ हा शब्द आला की घरातील कोणाला तरी त्याचा अर्थ ठाऊक असेल.

पेटीसाठी लागणारे बहुतेक साहित्य महाडच्या बाजारपेठेत मिळते. त्याची नोंद जडसंग्रहात न करता खडूप्रमाणे उपभोग्य वस्तूंत व्हावी आणि दरवर्षी मेअखेर, पहिल्या सरीपूर्वी, ते पुन्हा भरून मिळावे, एवढी सोय झाली तरी शिक्षकांना कपाटाचे कुलूप काढण्याचे धैर्य येईल.