स्वप्नातील वीणेचा पहारा

माघ शुद्ध दशमी, गुरुवार. या दिवशी बाबाजी चैतन्यांनी श्रीतुकाराम महाराजांना स्वप्नात अनुग्रह केला आणि 'रामकृष्णहरि' हा मंत्र दिला, हे ज्याला ठाऊक नाही असा वारकरी विरळाच. परंतु त्या अभंगातील एका बारीक गोष्टीवरून आपण सहज पुढे निघून जातो. गुरूंनी भोजनासाठी पावशेर तूप मागितले आणि स्वप्नात त्याचा विसर पडला, असे महाराज स्वतःच सांगतात. अहो, मस्तकावर गुरूंचा हात, आणि तरी तूप राहूनच गेले! स्वप्नाचा स्वभावच असा निसटता आहे. मग स्वप्नात सावध राहता येते काय, आणि राहता आले तर साधकाला त्याचा उपयोग काय, याचा आज थोडा विचार करू.

कधी कधी स्वप्न चालू असतानाच 'अरे, हे तर स्वप्न!' अशी जाण येते आणि तरी झोप मोडत नाही. पाश्चात्त्य अभ्यासक याला 'ल्युसिड ड्रीम' म्हणतात. आपण त्याला जाणते स्वप्न म्हणू. हॉलंडचे वैद्य फ्रेडरिक व्हॅन ईडन यांनी १९१३ साली आपल्या स्वप्नांवर लेख लिहिला, तेव्हापासून ते इंग्रजी नाव रूढ झाले. पुष्कळांना हा मनाचा खेळ वाटे. परंतु १९७५ साली इंग्लंडात कीथ हर्न यांनी एक युक्ती केली. गाढ स्वप्नाच्या वेळी हातपाय शिथिल पडतात, पण डोळे हलत असतात. म्हणून, स्वप्न कळताच डोळे ठरल्याप्रमाणे डावी-उजवीकडे फिरवायचे, असा संकेत त्यांनी झोपणाऱ्याशी आधीच ठरवला. यंत्रावर झोपेची खूण चालू असताना तो संकेत उमटला! पुढे अमेरिकेत स्टीफन लाबर्ज यांनीही स्वतंत्रपणे हेच दाखवून १९८१ साली प्रसिद्ध केले. २०२१ साली तर चार देशांतील अभ्यासकांनी अशा झोपलेल्यांना '८ वजा ६ किती' असे प्रश्न विचारले, आणि काही वेळा डोळ्यांच्या खुणेने बरोबर उत्तरे मिळाली.

आपल्याकडे हा विषय नवा नाही. स्वप्नातील व निद्रेतील ज्ञान हेही चित्त स्थिर करण्याचे आलंबन होऊ शकते, असे पतंजलींनी समाधिपादात म्हटले आहे.

आता मुख्य गोष्ट. जाण आली तरी ती टिकत का नाही? सप्ताहात ज्याने रात्री तीन वाजता वीणेचा पहारा केला आहे, त्याला हे चटकन समजेल. वीणा खाली ठेवायची नाही. घट्ट आवळून धरली तर हात भरून येतो, आणि सैल सोडली तर डुलकीबरोबर निसटू लागते. स्वप्नातील जाणिवेचेही तसेच आहे. 'मला कळले, कळले!' म्हणून हर्ष झाला की छाती धडधडते आणि जाग येते. हे झाले आवळणे. दुसऱ्या बाजूला, समोरचा देखावा इतका ओढतो की क्षणभरात आपण सगळे विसरून पुन्हा दिंडीत हरवलेली पिशवी शोधू लागतो. हे झाले सोडणे. या दोहोंच्या मध्ये राहायचे.

मग करायचे काय? स्वप्न कळले की धावाधाव करू नये. प्रथम उगे राहावे. आपले तळहात पाहावेत, एकमेकांवर चोळावेत, पायाखालची जमीन चाचपावी. स्वप्नातल्या देहाकडे लक्ष गुंतले की अंथरुणावरच्या देहाकडे ते कमी जाते आणि स्वप्न टिकते, असा अभ्यासकांचा कयास आहे. एकाच वस्तूकडे टक लावू नये. मधून मधून 'हे स्वप्न आहे' असे स्वतःला सांगावे, आणि त्याच लयीत हळूच नाम घ्यावे. नाम येथे टाळासारखे आहे. ठेका चुकला की लगेच कळते.

परंतु जे दिवसा नाही ते रात्री कोठून येणार? उंबरठा ओलांडताना, माळ हाती घेताना मनापासून विचारावे, 'आता मी जागा आहे ना?' एखादी पाटी वाचावी, नजर काढावी, पुन्हा वाचावी. स्वप्नात अक्षरे बहुधा बदलतात. सकाळी जाग येताच न हलता स्वप्न आठवावे व वहीत लिहावे. झोपेचा एकेक फेरा सुमारे ९० मिनिटांचा असतो, आणि पहाटेकडे त्यातील स्वप्नाचा भाग लांबत जातो. पहाटे आपोआप जाग आली तर नुकतेच पडलेले स्वप्न आठवून, 'पुढच्या स्वप्नात ते स्वप्न आहे हे मला स्मरेल' असा संकल्प करावा आणि नाम घेत पुन्हा झोपावे.

यासाठी झोप मात्र तोडू नये. वारीत दिवसभर चालणाऱ्याने तर मुळीच नाही. ज्यांना मनाचा आजार आहे, स्वप्न आणि जागृती यांची गल्लत होते, त्यांनी या वाटेला जाऊ नये.

एका भगिनीने आम्हांस विचारले, "गेलेली आई स्वप्नात येते. हे स्वप्न आहे असे कळते, आणि कळताच ती नाहीशी होते. मग कळावे की कळू नये?" प्रश्न ऐकून आम्हीही थोडे थांबलो. ताई, आई कळल्यामुळे जात नाही. कळताच आपण तिला धरायला धावतो, म्हणून स्वप्न मोडते. वीणा आवळली जाते ती येथेच. पुढच्या वेळी जागच्या जागी उभे राहा, नमस्कार करा, ती काय बोलते ते ऐका. निघाली तर नाम घेत निघू द्या. आणि न कळताच भेट गोड वाटत असेल, तर तशीच राहू द्या. त्यात काही उणे नाही.

शेवटी एक सावधगिरी. जाणते स्वप्न म्हणजे तुर्या नव्हे. मांडूक्य उपनिषदात जागृती, स्वप्न आणि सुषुप्ती यांच्या पलीकडे चौथी सांगितली आहे. स्वप्नात जागे झालो तरी आपण दुसरीतच असतो. तेव्हा ही सिद्धी समजून चारचौघांत मिरवू नये. स्वप्नात आकाशात उडालो आणि सकाळी शेजाऱ्याशी भांडलो, तर ती जाण काय कामाची?

कसोटी एकच, उठल्यावर हाती काय राहिले. महाराजांना स्वप्नात तुपाचा विसर पडला, पण मंत्राचा पडला नाही. तो जागेपणी आला, जन्मभर राहिला, आणि आज लाखोंच्या मुखी आहे. आपलीही वीणा रात्री कधी निसटेल. निसटू द्या. सकाळी पुन्हा उचलून घ्यावी.

रामकृष्णहरि!