प्रार्थनेला न येणाऱ्या पोराचं ताट

अंबाजोगाई, १२ सप्टेंबर

चि. निखिल,

तुझं पत्र आणि सोबतचा ट्रस्टचा मसुदा, दोन्ही वाचलं. पैसे घ्यावेत की नाही, एवढंच तू विचारलं आहेस आणि घाईने विचारलं आहेस. ते साहजिक आहे. दसरा झाला की ट्रक-ट्रॅक्टर भरून ऊसतोडीला कोयते निघतील आणि त्यांच्या साठ पोरांची वसतिगृहात सोय त्याआधी लागायला हवी. ट्रस्ट कोणत्या धर्माचा हे तू लिहिलं आहेस. मी मात्र इथे त्याचा उल्लेख करणार नाही. ट्रस्ट दुसऱ्या धर्माचा असता तर माझं उत्तर बदललं असतं का, हे आधी स्वतःला विचारलं. तूही विचार. बदलत असेल, तर आपल्याला मदतीच्या अटींचा राग नसून त्या धर्माचा राग आहे.

मसुद्यातल्या सगळ्या अटी एका मापाने मोजू नकोस. भोजनगृहात त्यांच्या गुरूंची तसबीर लावायची आहे? लाव. गाद्यांवर ट्रस्टचं नाव छापायचं आहे? छापू दे. देणाऱ्याला नावाची हौस असते, ती फार जुनी आहे आणि तिने कुणाचं वाईट होत नाही. रविवारचं प्रवचन तासाऐवजी अर्ध्या तासावर आणता आलं तर पाहा. अंड्यांवरच्या बंदीची अट मात्र मला जड गेली. त्यांच्या पैशाचा स्वयंपाक त्यांच्या रीतीने व्हावा, हे एक वेळ समजू शकते. पण आई पोराला भेटायला येताना उकडलेली अंडी घेऊन आली तर ती फाटकावर काढून घ्यायची का? कर्नाटकात शाळेतल्या जेवणात कांदा-लसूण नसण्यावरून केवढा वाद झाला होता. वाढणाऱ्याची श्रद्धा खाणाऱ्याच्या ताटात किती उतरावी, हाच तो प्रश्न. तुमच्या स्वयंपाकघरापुरतं मान्य, पोराच्या डब्यावर बंदी नाही, असं लिहून घे.

माझं बोट अडकलं ते शेवटच्या ओळीवर. रोजच्या प्रार्थनेला उपस्थित असतील त्याच विद्यार्थ्यांची नावं लाभार्थी यादीत धरली जातील, अशी ती ओळ आहे. बाकीच्या अटी संस्थेला आहेत, ही एकटी पोराला आहे. नऊ वर्षांचं पोर सकाळी डोळे मिटून बसलं नाही, तर त्याच्या नावाचे पैसे बंद.

त्या पोराच्या आईबापांनी ऊसतोडीसाठी मुकादमाकडून आगाऊ पैशांची उचल घेतलेली असते. ती फिटेस्तोवर सहा महिने फडावरून हलता येत नाही, ताप असो की बाळंतपण. या ओळीने आपण पोराच्या ताटाचीही उचल करून ठेवतो. जेवण आज, फेड रोज पहाटे.

‘पालकांची संमती घेऊ’, असं ट्रस्टच्या माणसाने तुला सांगितलं. ते त्याने उगाच सांगितलेलं नाही. घटनेच्या २८व्या कलमात तशी तरतूद आहे. सरकारमान्य किंवा सरकारी अनुदानावरच्या शिक्षणसंस्थेत, तिला जोडलेल्या जागेतसुद्धा, कुणाला धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसण्याची सक्ती करता येत नाही. अज्ञान मुलाच्या बाबतीत पालकाची संमती लागते. तुझं वसतिगृह शाळेच्या आवारात आहे, म्हणजे हे तुला लागू आहे असं धरूनच चाल. पण ट्रॅक्टर दारात उभा आहे, बोचकी चढवून झाली आहेत आणि तू त्या बाईपुढे कागद धरतोस. ती अंगठा उठवणारच. तू काहीही लिहून नेलंस तरी उठवील. कायद्याचं काम तेवढ्याने भागेल, तुझं भागू नये.

सक्ती नसली तरी ओढ कशी लागते, हे पाहायला आता पंडिता रमाबाईंचं उदाहरण घे. तुम्ही मुलं त्यांना एक तर देवघरात बसवता, नाही तर धर्मांतर करणारी बाई म्हणून मोकळे होता. १८८९ साली त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला आणलं. पैसा अमेरिकेतून येत होता, बोस्टनमध्ये त्यासाठी मंडळ स्थापन झालं होतं. बाई स्वतः ख्रिस्ती झालेल्या, पण संस्था धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील असं ठरलेलं होतं. मुलींना आपापले सोवळ्या-ओवळ्याचे आचार पाळायची मुभा होती. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करत आणि खोलीचं दार उघडं असे. काही मुली येऊन बसू लागल्या. १८९३ साली त्यावरून वादळ उठलं. रानडे, भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाहेर पडले, ‘केसरी’ने झोड उठवली, पालकांनी मुली काढून नेल्या.

रमाबाईंचं म्हणणं होतं की मी कुणाला बोलावलं नाही आणि माझ्या घरात माझ्या देवाची प्रार्थना मी दार लावून का करावी? यात खोट काढणं अवघड आहे. तरी मला वाटतं, केशवपन झालेल्या, माहेर-सासर दोन्ही तुटलेल्या चौदा वर्षांच्या पोरीला जिने जवळ केलं, तिच्या खोलीचं दार त्या पोरीसाठी नुसतं दार राहत नाही. तिथे जावंसं वाटतंच. बाईंनी हे ओळखायला हवं होतं. आणि टीका करणाऱ्यांनी? त्यांच्या टीकेने मुली घरी गेल्या, म्हणजे पुन्हा माजघरात गेल्या. याच सदनात शिकलेल्या गोदूबाईंशी धोंडो केशव कर्व्यांनी त्याच वर्षी पुनर्विवाह केला आणि १८९६ साली विधवांसाठी आश्रम काढला. लेख लिहिण्यापेक्षा हे उत्तर मला मोठं वाटतं. तुझ्या ट्रस्टवर तोंडसुख घेणारे गावात निघतील. त्यांना आधी किती पोरं घेता ते विचार.

पुढे दुष्काळात रमाबाईंनी शेकडो मुली केडगावला आणून वाचवल्या. तिथलं मुक्ती सदन उघडपणे ख्रिस्ती होतं. त्यात निदान आडपडदा नव्हता. शिवाय हे विसरू नकोस की इंग्लंडमध्ये, मठातल्या ज्या ख्रिस्ती भगिनींच्या आश्रयाला त्या राहत होत्या, त्यांच्याशीच धर्ममतांवरून त्यांनी पत्रापत्री करून वाद घातला. बाप्तिस्मा घेतला, पण प्रत्येक गोष्ट मुकाट्याने मानली नाही. दुसऱ्याचं अन्न खाऊनही आपलं डोकं आपल्याकडे ठेवता येतं. मात्र त्या पंडिता होत्या, आणि तुझं पोर तिसरीत आहे.

‘श्रद्धा नसती तर हा पैसाच आला नसता’, हा ट्रस्टचा युक्तिवाद तू खोडू शकला नाहीस असं लिहितोस. खोडू नकोस, तो खरा आहे. मिरजेला १८९४ साली डॉ. वान्लेस यांनी दवाखाना उभारला तो धर्मश्रद्धेपोटीच. नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात जो लंगर चालतो तोही श्रद्धेवरच. तिथे डोकं झाकावं लागतं आणि पंगतीत सगळ्यांच्या बरोबरीने बसावं लागतं. ही त्या घराची रीत. पण जेवून उठताना तुम्ही कोणाचे, हे कुणी विचारत नाही. १९९४ साली रेडक्रॉस आणि इतर संस्थांनी आपत्तीतल्या मदतीची आचारसंहिता केली, तिच्यात मदतीचा वापर धार्मिक मत पुढे रेटायला करायचा नाही असं कलम आहे. ती करणाऱ्यांत कॅथलिक आणि लुथरन संघटनाही होत्या. म्हणजे श्रद्धेने देणाऱ्यांनीच हे ठरवून घेतलं. हे तू ट्रस्टच्या विश्वस्तांना जरूर सांग, पण भांडणाच्या सुरात नको. ती माणसं वाईट आहेत असं तुझ्या पत्रावरूनही दिसत नाही.

तर असं कर. शेवटची ओळ काढून तिथे एक वाक्य घालायला सांग: ‘प्रार्थनेस न बसणाऱ्या मुलाच्या जेवणात, अंथरुणात किंवा अभ्यासाच्या सोयीत कोणताही फरक केला जाणार नाही.’ हे त्यांनी मान्य केलं तर प्रवचनासकट पैसे घे, आणि त्या वेळेत न बसणाऱ्यांसाठी दुसऱ्या खोलीत गोष्टींची पुस्तकं आणि एक ताई ठेव. नाही तर रिकाम्या खोलीत बसवणं म्हणजे बाहेर काढल्यासारखंच. त्या मुलांची वेगळी यादी कुठेही करू नकोस. प्रार्थनेचे फोटो ट्रस्टच्या मासिकाला द्यायचे नाहीत, हेही आधीच बोलून ठेव.

नाही म्हणाले तर पैसे परत. मग साठांऐवजी चाळीसच पोरं ठेवता येतील, असा तुझा हिशेब आहे. तो मी दोनदा तपासला, बरोबर आहे. उरलेल्या वीसांचं काय, हे मनाला लावून न घेता आत्ताच बघ. त्यांतल्या कितींच्या आज्या गावातच राहतात? मुक्काम आजीकडे आणि दोन वेळचं जेवण, संध्याकाळचा अभ्यास आपल्याकडे, असं केलं तर खर्च निम्म्यावर येतो. शाळा व्यवस्थापन समितीला धरून हंगामी वसतिगृहाच्या सरकारी योजनेतून काय मिळतं तेही पाहा. ज्यांना आजी नाही अशांची नावं मला वेगळी पाठव. माझ्या पेन्शनमधून दोघांचं होईल, आणि इथल्या जुन्या शिक्षिकांना मी रविवारी बोलावलं आहे.

तुझी
आत्या